खालून कापलेला लेख

महत्त्वाचं आधी. दिवाळी अंकातल्या एका लेखाचा शेवटचा परिच्छेद मी काढून टाकला. त्यात एका बाईचं नाव होतं. तिने आयुष्यभर केलेल्या कामाशी जोडून ते पहिल्यांदाच छापून येणार होतं आणि ती त्याची वाट बघत होती. ते आलं नाही. पेपरात असंच लिहायला शिकवतात: मुख्य गोष्ट वर, तपशील खाली, जागा कमी पडली तर खालून कापायचं. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी नऊ वर्षं हेच केलं. इथेही क्रम तोच ठेवते.

आता मी मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकमध्ये राहते आणि एका गोदामाच्या ऑफिसात शिफ्टचे रोस्टर लावते. आमच्या मंडळाचा दिवाळी अंक माझ्याकडे आला, कारण समितीत ऱ्हस्व-दीर्घ बघायला दुसरं कोणी तयार नव्हतं. अंकात दरवर्षी साधारण तेच असतं. एक तास्मानियाचं प्रवासवर्णन, पेंग्विनच्या फोटोंसकट, मुलाचा शाळेतला पहिला दिवस, बिनअंड्याचा केक, आणि मधूनमधून घरं विकणाऱ्या एजंटांच्या जाहिराती. त्या वर्षी तास्मानिया तीन आले. आणि एक लेख आला शंभर वर्षांपूर्वीच्या एका जर्मन बाईवर, जी काळ्या कागदाच्या सावल्यांच्या फिल्म बनवायची.

लेखक सत्तरी ओलांडलेले, जवळच्याच ट्रुगानिनात मुलाकडे राहायला आलेले. मुंबईत त्यांनी एका सरकारी खात्यासाठी शाळांतून दाखवायच्या छोट्या ॲनिमेशन फिल्म केल्या होत्या. पाणी उकळून प्या, नखं कापा, विहिरीभोवती चिखल करू नका, अशा. कॉम्प्युटर येण्याआधीचं काम. सगळं कागद कापून. लेख चांगला होता. फार लांब होता आणि चांगला होता. अंकासाठी असे लेख येत नाहीत, हे मला कळत होतं.

त्यात लिहिलं होतं ते असं. ती बाई बर्लिनची. लहानपणापासून हातात कात्री, घरच्याघरी सावल्यांचे खेळ. पुढे नाटकवाल्यांमध्ये गेली, तिथून फिल्मवाल्यांमध्ये. काळ्या कागदातून माणसं कापायची, कोपर-गुडघे वेगळे, सांध्यांना बारीक तार. काचेच्या टेबलावर ती झोपवायची, टेबलाखाली दिवा, वर कॅमेरा. एक फोटो, मग हात केसभर हलवायचा, पुन्हा फोटो. पडद्यावरच्या एका सेकंदाला असे चोवीस. एका पूर्ण लांबीच्या फिल्मला तीन वर्षं गेली. नवरा कॅमेरा सांभाळायचा. हुकूमशाही आल्यावर दोघं देश सोडून निघाले, पण कायमचं राहू द्यायला कोणी तयार नव्हतं. एका देशातला व्हिसा संपला की पुढचा देश, असं काही वर्षं चाललं. शेवटी आजारी आईसाठी ती बर्लिनला परतली. युद्धानंतर इंग्लंड. हातात कात्री म्हातारपणापर्यंत होती.

या सगळ्यात एक वाक्य लेखकाने अधोरेखित केलं होतं: नवऱ्याने जन्मभर कॅमेरा चालवला, आणि फिल्म मात्र तिच्याच नावाने ओळखल्या गेल्या.

मी लेख कमी करायची परवानगी घ्यायला त्यांच्या घरी गेले. शनिवार होता, सकाळी दहा. ट्रुगानिनातल्या त्या रस्त्यावर सगळी घरं सारखी, दारात सारख्याच दोन गाड्या. काकांनी दार उघडलं आणि बसा म्हणायच्या आधी विचारलं, "किती शब्द कापणार?"

"काका, अर्ध्यापेक्षा जास्त. तीन पानं आहेत आपल्याकडे."

"तास्मानियाला किती दिलीत?"

"सगळी मिळून नऊ."

"म्हणजे पेंग्विनला नऊ आणि तिला तीन." ते बायकोकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? आपण पेंग्विन व्हायला हवं होतं."

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर सुपरमार्केटचं कॅटलॉग, जे इथे दर आठवड्याला पत्रपेटीत येऊन पडतं. त्या त्यातून काहीतरी कापत होत्या. कात्री जागेवर ठेवून कागद फिरवत होत्या. अंगठ्याचा सांधा सुजलेला होता. मिनिटभराने मला दिसलं की मटणाच्या सवलतीच्या पानातून एक बैल निघाला आहे, शिंगांसकट, वशिंडासकट.

"तुम्ही पेपरवाले," काका म्हणाले, "खालून कापता. मला शिकवू नका. खात्याच्या प्रेसनोटा मीच लिहायचो. शेवटच्या चार ओळी कुठल्याही पेपरात कधी आल्या नाहीत."

"मी वरूनही कापेन, काका. सगळीकडून थोडं थोडं."

"कसायाला गाय विचारत नाही, कुठून सुरुवात करणार म्हणून."

हे त्यांनी हसून म्हटलं नाही. मीही हसले नाही. चहा आला नाही. निघताना काकू दारापर्यंत आल्या. "अगं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेवटचं तेवढं ठेव हं. त्यात माझं आहे."

मी "बघते" म्हटलं. मला वाटलं, आभार असतील. आपल्याकडे लेखाच्या शेवटी मुलगा, सून, नातवंडं, लेख टाइप करून देणारा शेजारी, सगळ्यांचे आभार येतात, आणि त्या यादीत एखादी बायको असतेच.

त्या आठवड्यात मी लेख तीन पानांत बसवला. शेवटचा परिच्छेद ठेवला होता. पण आतलं न बघता ठेवला होता. पानं लावून झाली. अंक छापायला जायच्या दिवशी दुपारी मंडळाच्या अध्यक्षांचा फोन आला. फुल पेज जाहिरात मिळाली होती, नव्या वस्तीतल्या प्लॉट्सची, एजंटच्या हसऱ्या फोटोसकट. "जर्मन बाईचं एक पान दे ना. कोण वाचणारेय, यार?"

मी कामावर होते. लंच ब्रेकमध्ये गाडीत बसून लॅपटॉप उघडला. तीन पानांचा लेख दोन पानांत बसवायचा होता, वेळ वीस मिनिटं होता. खालून वर गेले. शेवटच्या परिच्छेदाची सुरुवात होती, "आता आभार." आभार सगळ्यात आधी जातात, हे बोटांना माहीत होतं. त्या दोन शब्दांपासून शेवटापर्यंत निवडलं आणि डिलीट दाबलं. मग बर्लिनला परतण्याचा भाग गेला, मग युद्ध गेलं. अठरा मिनिटांत झालं. दोन मिनिटांत डबा खाल्ला.

अंक छापून आला त्या संध्याकाळी काकांचा फोन आला. वाटप दुसऱ्या दिवशी, दिवाळीच्या कार्यक्रमात होणार होतं; लेखकांच्या प्रती तेवढ्या आधी घरपोच गेल्या होत्या.

"बाई, तुम्ही शेवटचा परिच्छेद वाचला होता का?"

"आभार होते ना, काका?"

"आभार?" मग त्यांनी तो मला फोनवरून वाचून दाखवला. पाठ असल्यासारखा. 'आता आभार. माझ्या नावावर असलेल्या फिल्ममधली एकही आकृती मी कापलेली नाही. बाहुल्या, बैल, विहिरी, झाडं, सगळं माझ्या पत्नीने कापलं.' पुढे तिचं माहेरचं आणि सासरचं, पूर्ण नाव. 'मी फक्त कॅमेरा चालवला. हे मी आजवर कुठेही लिहिलेलं नाही.'

मी अंक उघडून ते पान काढलं.

"आणि त्या जागी काय छापलंत? घरं विकणाऱ्या माणसाचे दात. माझ्या बायकोच्या जागी बत्तीस दात! लाज वाटते का?"

"चूक माझी आहे, काका. उद्या प्रत्येक अंकात शुद्धिपत्राची चिठ्ठी घालते."

"घाला. चिठ्ठ्या घाला, गंडेदोरे बांधा." फोन ठेवला गेला.

अध्यक्षांचं म्हणणं पडलं, "नो वरीज, चिठ्ठी घाल. पण छोटी. जाहिरातदाराच्या पानावर पडायला नको." मी मजकूर केला: अमुक पानावरील लेखात अनवधानाने पुढील उल्लेख राहून गेला, त्याबद्दल दिलगीर आहोत. खाली काकूंचं नाव, ठळक. दीडशे प्रिंट काढल्या, पट्ट्या कापल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रमाआधी एक चिठ्ठी दाखवायला ट्रुगानिनाला गेले.

दार काकूंनी उघडलं. पहिल्या भेटीत त्या मला अगं म्हणाल्या होत्या. आता म्हणाल्या, "या. तुम्ही आलात ते बरं झालं." चिठ्ठी चष्मा लावून वाचली, परत दिली.

"शुद्धिपत्र म्हणजे काय?"

"चुकीची दुरुस्ती."

"मी कोणाची चूक नाही. नको हे."

"काकू, नाव तरी जाईल लोकांपर्यंत."

"चिठ्ठी घरी जाईपर्यंत सीटखाली पडते. मुलं त्यावर गुलाबजामचा पाक पुसतात. मला माहीत आहे ना." त्या खुर्चीत बसल्या, मला बसायला सांगितलं नाही. "मला एक सांगा. काय कापायचं हे तुम्ही ठरवता कसं?"

"खालून कापतो."

"का?"

"कमी महत्त्वाचं खाली असतं म्हणून."

"हे यांना माहीत होतं?"

खरं उत्तर एकच होतं, आणि ते काकांनी स्वतः याच खोलीत दिलेलं होतं. काकू खिडकीपाशीच बसल्या होत्या. त्यांना उत्तर माहीत होतं. त्यांना ते माझ्या तोंडून हवं होतं.

"हो," मी म्हटलं. "माहीत होतं."

"अहो," त्यांनी आतल्या खोलीकडे बघून हाक मारली, "इकडे या जरा. बाई आल्यात."

काका आले. नेहरू शर्ट घातला होता, बटणं अर्धी लागली होती. मला बघून त्यांचा पारा चढला. "आता काय कापायला आलात?"

"त्यांचं राहू द्या," काकू म्हणाल्या. "त्यांनी त्यांचं काम केलं. गाढवासारखं केलं, पण केलं. तुम्ही मला शेवटी का ठेवलंत?"

"लेखाची एक रचना असते. शेवट जोरदार ठेवतात. तू शेवटी येतेस तेव्हा—"

"खालून कापतात, हे तुम्हीच यांना सांगितलंत. माझ्यासमोर."

"अगं, लेख जर्मन बाईवर आहे! तिच्या चरित्रात तुला पहिल्या ओळीत कुठे बसवू?"

"तिचा नवरा कॅमेरा चालवायचा, हे बसलं ना? खाली रेघसुद्धा ओढलीत. त्या रेघेशेजारी एक ओळ. आमच्याकडे उलटं झालं, एवढीच. पाच शब्दसुद्धा नाहीत."

"सरकारी काम होतं. नोकरी माझी होती. टायटलवर नोकरीवाल्याचंच नाव जायचं, नियम होता तसा. तुला माहीत आहे."

"ते माहीत आहे. तेव्हा मी एक शब्द बोलले? स्वयंपाकघरात मी कापायचे, तुम्ही डब्यात भरून न्यायचात. साहेब म्हणायचे, काय हात आहे तुमचा! तुम्ही घरी येऊन मला सांगायचात, साहेब काय म्हणाले ते. हसत सांगायचात." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "ट्रुगानिनात कोणत्या साहेबाचा नियम आहे?"

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "ही बाई नसती तर हे काही झालंच नसतं. छापून आलं असतं."

"छापून आलं नाही आणि तुम्हाला काल संध्याकाळी भूक लागली," काकू म्हणाल्या. "दोन वेळा भात घेतलात. यांना फोनवर ओरडलात आणि मग भात घेतलात."

काका आत गेले. दार आपटलं नाही. इथल्या घरांची दारं हलकी असतात, आपटता येत नाहीत. काकूंनी मला जायला सांगितलं. चिठ्ठ्या घालायच्या नाहीत, हे पुन्हा एकदा बजावलं. "घातल्यात तर हॉलमध्ये सगळ्यांच्या देखत गोळा करत फिरेन."

मी घातल्या नाहीत.

कार्यक्रम दुपारी होता, एका शाळेच्या हॉलमध्ये. रांगोळी, फराळाच्या प्लेट्स, स्टेजवर मुलांचे नाच, मुलं विंगेतून एकमेकांना इंग्रजीत हळूच शिव्या देणारी. अंकाचं प्रकाशन झालं. काकांना शाल मिळाली. मग त्यांची फिल्म दाखवायची होती, आठ मिनिटांची, जुन्या रिळावरून मुलाने मुंबईत कॉपी करून घेतलेली. अध्यक्षांनी माइकवर सांगितलं, "आपल्यातलेच एक ग्रेट आर्टिस्ट, ज्यांनी स्वतःच्या हाताने एकेक चित्र कापलं." काका शाल सावरत पहिल्या रांगेत बसले. त्यांनी ते वाक्य दुरुस्त केलं नाही. मी लक्ष ठेवून होते. माइक त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता.

दिवे गेले. पडद्यावर खात्याचं नाव, मग 'चित्रे व दिग्दर्शन', आणि खाली काकांचं नाव.

काकू तिसऱ्या रांगेतून उठल्या. पर्समधून त्यांनी काळ्या कार्डबोर्डची एक लांब पट्टी काढली, बार्बेक्यूच्या दोन बांबूच्या काड्यांना चिकटवलेली. प्रोजेक्टर मधल्या वाटेत टेबलावर होता. त्या तिकडे गेल्या नाहीत. तिथे धरलं असतं तर पडद्यावर नुसता मोठा डाग पडला असता. त्या सरळ पडद्यापाशी गेल्या, कडेला अंधारात उभ्या राहिल्या आणि काड्या धरून पट्टी प्रकाशात पुढे केली. पडद्याजवळ सावली धारदार पडते.

ते त्यांचं नाव होतं. पूर्ण, एका अखंड तुकड्यात कापलेलं. वरच्या रेघेला सगळी अक्षरं लटकलेली होती, त्यामुळे एकही सुटं झालं नव्हतं. काना, वेलांट्या, सगळं जागच्या जागी. खालचं काकांचं नाव त्या सावलीने झाकलं गेलं.

हॉलमध्ये आधी कोणाला कळलं नाही. अध्यक्षांनी माइक घेतला. "काकू, शॅडो येतेय. जरा साइडला प्लीज."

"सावलीच आहे ती," काकू म्हणाल्या. "फिल्म सावल्यांचीच आहे."

मागून कोणीतरी हसलं. "आंटी को रहने दो यार, मस्त लग रहा है." दोन-तीन फोन वर झाले.

"खाली बस," काका पहिल्या रांगेतून म्हणाले. आवाज मोठा नव्हता. "पुरे झालं. शोभा करू नकोस."

"शोभा तुमच्या गळ्यात आहे," काकू म्हणाल्या. "मी काम दाखवतेय."

टायटल गेलं. फिल्म सुरू झाली. काकूंनी पट्टी मागे घेतली नाही. डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई पडद्याच्या डाव्या बाजूने आली, तिच्या पदराच्या काठाला बारीक नक्षी होती, पाणी हिंदकळत होतं. आणि ती त्या नावाखालून चालत विहिरीकडे गेली. मग बैल आला. मी तो ओळखला. वशिंड तसंच होतं.

तिसऱ्या मिनिटाला काका उठून बाहेर गेले. शाल खुर्चीवर राहिली. अध्यक्षांनी दिवे लावायला सांगितलं; लावायला कोणी उठलं नाही. काकूंनी आठ मिनिटं हात वर धरला. दोनदा बदलला, आणि दोन्ही वेळा नाव थरथरलं, मग स्थिर झालं. फिल्म संपल्यावर त्यांनी पट्टी खाली घेतली, काड्या काढल्या, आणि ती सुपरमार्केटच्या कॅटलॉगच्या दोन पानांमध्ये सपाट ठेवून पर्समध्ये घातली. कोणी टाळ्या वाजवल्या, कोणी नाही. फराळाची रांग लागली.

मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या दिवशी अध्यक्षांनी लिहिलं, 'स्लाइट टेक्निकल इश्यू सोडता प्रोग्राम सुपरहिट.' पुढच्या अंकाचं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलंही नाही.

हे लिहायच्या आधी मी काकूंना फोन केला. काका घरात होते. मागे टीव्हीचा आवाज होता. त्या दोघांचं बोलणं सुरू झालं आहे का, हे मी विचारलं नाही. लिहू का, एवढंच विचारलं, आणि म्हटलं की या वेळी नाव पहिल्या ओळीत घेईन, अगदी वर, कोणालाही कापता येणार नाही असं.

"लिहा काय लिहायचं ते," त्या म्हणाल्या. "नाव नको."

"का, काकू?"

"मी ते जिथे लावायचं तिथे लावलं. दीडशे माणसांनी वाचलं. आता तुमच्या हातात पुन्हा देणार नाही."